मसाला चक्कीची 10 एचपी मोटर दर उन्हाळ्यात जळते, आता 15 एचपीची घ्यावी का?

भाऊ, 15 एचपीची ऑर्डर दिली नसेल तर थोडं थांबा. तुम्ही लिहिलंय की नागपुरात कळमन्याच्या बाजूला टिनाच्या शेडमध्ये तिखट-हळदीचा पल्वरायझर (दळायचं मशीन) आहे, त्याला 10 एचपी, 4 पोल मोटर आणि स्टार-डेल्टा स्टार्टर (आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग डेल्टा जोडणीत नेणारा) आहे, आणि मोटर ओळीने दोन उन्हाळे जळली. रिवाइंडिंगवाला (जळकी तार काढून नवी भरणारा) म्हणतो लोड झेपत नाही, मोठी टाका. मी हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, जळकी मोटर उघडून बघणं हे रोजचंच काम. लहान पडली म्हणून जळलेली मोटर त्यात क्वचित निघते. बहुतेक वेळा तिला वाचवायला जे लावलेलं असतं तेच झोपलेलं असतं. मोठी मोटर आणली तरी ते झोपलेलंच राहील, आणि पुढच्या वेळी रिवाइंडिंगचं बिल तेवढं मोठं येईल.

आधी जळलेली मोटर नीट बघा. अजून वाइंडरकडे असेल तर आजच जाऊन सांगा की तार उपटू नका. दोन्ही बाजूंची झाकणं काढून कॉइलच्या टोकांकडे बॅटरी मारा. सगळ्या कॉइली सारख्या काळ्या पडल्या असतील तर खरंच ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा हवा कोंडल्याचा प्रकार आहे. एका फेजच्याच कॉइली कोळसा आणि शेजारच्या दोन फेजच्या जवळपास कोऱ्या असतील, तर डेल्टात चालताना एक फेज गेला होता हे नक्की. म्हणजे सिंगल फेजिंग. (स्टार जोडणीच्या मोटरमध्ये उलटं दिसतं, दोन फेज जळतात आणि एक वाचतो.) एकाच स्लॉटपाशी भोक पडल्यासारखं जळलं असेल तर इन्सुलेशन तिथे फुटलं, तो वाइंडिंगचा किंवा ओलाव्याचा दोष. लोड जास्त आहे असं सांगणाऱ्या माणसाने हे बघून सांगितलं की सवयीने, ते विचारा.

आता स्टार्टर. माझा पहिला संशय इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मेन बंद करून झाकण उघडा. मेन काँटॅक्टरच्या (मोटरचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) खाली ओव्हरलोड रिले असतो, जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा, त्याला एक छोटी फिरवायची चकती आणि तिच्यावर अँपिअरचे आकडे असतात. तुमच्या मोटरच्या नेमप्लेटवर साधारण 14 अँपिअर लिहिलेलं असेल. चकती कुठे आहे? 14 वर असेल तर जळण्याचं कारण बहुधा तुमच्या हातात आलं.

कारण असं. बहुतेक स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मेन काँटॅक्टरच्या खाली, मोटरकडे जाणाऱ्या वायरवर बसवलेला असतो. डेल्टा लागल्यावर त्या वायरमधून पूर्ण लाइन करंट जात नाही, त्याचा 0.58 पट जातो. म्हणजे बाहेरून 14 अँपिअर येत असताना रिलेला 8.1 च दिसतात. तो 14 वर लावला म्हणजे मोटर जवळपास पावणेदोन पट लोड घेईपर्यंत त्याला काही वाटणारच नाही. सिंगल फेजिंगमध्ये तर गंमतच होते. पूर्ण लोडवर एक फेज गेला की डेल्टातल्या एका वाइंडिंगमधून नेहमीच्या सुमारे दुप्पट, म्हणजे 16 अँपिअर वाहतात. रिले 8.1 वर असता तर मिनिटा-दोन मिनिटांत ट्रिप झाला असता. 14 वर लावलेल्या रिलेला ते किंचित जास्त वाटतात, तो विचार करत बसतो आणि तोवर वार्निशचा वास शेडभर होतो.

कुणी म्हणेल आमच्या स्टार्टरमध्ये रिले इनकमिंगला आहे, मग 14 च बरोबर. असूही शकतं. वाद घालण्यापेक्षा मशीन नेहमीच्या लोडवर चालवून टाँग टेस्टर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजायचं मीटर) इनकमिंग वायरवर लावा, मग रिलेतून जाणाऱ्या वायरवर लावा. दोन्हीकडे सारखाच आकडा आला तर 14, दुसरीकडे निम्म्याहून थोडा जास्त आला तर 8.1. पॅनल उघडं ठेवून चालू वायरवर काम आहे, इलेक्ट्रिशियनलाच करू द्या. आणि सीझनच्या घाईत सारखा ट्रिप होतो म्हणून कारागीर स्क्रू-ड्रायव्हरने चकती वाढवून ठेवतात, हे तर सगळीकडेच चालतं. सेट केल्यावर त्यावर रंगाचा ठिपका द्या, म्हणजे कुणी हात लावला ते कळेल. सोबत सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण) बसवा. एका रिवाइंडिंगपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

टाँग टेस्टर हातात आहेच तर मोटरच्या टर्मिनलवर, मशीन लोडवर असताना, तिन्ही फेजमधलं व्होल्टेजही मोजून घ्या. समजा 415, 405 आणि 390 आलं. सरासरी 403, सगळ्यात लांबचा आकडा तिच्यापासून 13 ने खाली, म्हणजे असमतोल 3.3 टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वाइंडिंगची तापमानवाढ असमतोलाच्या वर्गाच्या दुपटीइतके टक्के वाढते असा ठोकताळा आहे, म्हणजे इथे जवळजवळ 22 टक्के. अशा वेळी आधी स्वतःचे लग (वायरच्या टोकाचे जोड), फ्यूज बेस आणि काँटॅक्टरचे पॉइंट तपासा. मीटरवरच तसं येत असेल तर महावितरणकडे लेखी तक्रार टाका.

उन्हाळ्याकडे वळू. तुमच्या धंद्याचं दुर्दैव असं की घराघरातून वर्षभराचं तिखट-हळद दळून घ्यायचे दिवस आणि नागपूरचा उन्हाळा एकाच वेळी येतात. मोटर सगळ्यात जास्त तास चालते ती एप्रिल-मे मध्ये. नेमप्लेटवरची 10 एचपी मात्र आजूबाजूची हवा 40 अंशापर्यंत असेल हे धरून लिहिलेली असते. 2024 च्या मे महिन्यात नागपुरात 56 अंशांची बातमी फिरली होती, नंतर हवामान खात्याने तो सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. पण नवतप्यात (मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस) दुपारी दोन वाजता टिनाखाली, मशीनच्या शेजारी 50 गाठायला कुठला सेन्सर बिघडावा लागत नाही. 50 अंशात साधारण 8 टक्के ताकद सोडून द्यावी लागते, म्हणजे तुमच्या 10 एचपीची 9.2 च धरा. वाइंडिंग कायम 10 अंश जास्त तापलं तर इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, हा हिशोबही लक्षात असू द्या.

त्यात तिखटाची धूळ. मोटरच्या मागच्या पंख्याचं कव्हर आणि अंगावरच्या फिन्स यांच्यात ती तेलकट लाल भुकटी अशी बसते की बोटाने खरवडली तर पापुद्रा निघतो. तिच्या आत मोटर स्वेटर घालून बसल्यासारखी असते. सीझनमध्ये रोज रात्री बंद केल्यावर ब्रशने, आठवड्यातून एकदा ब्लोअरने साफ करा, तोंडाला फडकं बांधून. पंख्याच्या मागे निदान वीतभर जागा मोकळी पाहिजे. तिथे पोती लावलेली असतील तर आजच हलवा. शेडच्या वरच्या बाजूला एक्झॉस्ट पंखा लावा. मोटरकडे कुलर वळवायची आयडिया नागपुरात प्रत्येकाला सुचते. लावायचा तर पाणी बंद ठेवून, नुसता पंखा म्हणून लावा. ओल्या हवेत ती धूळ लगद्यासारखी चिकटते, शिवाय तुमचं तिखटही ओलावतं.

एवढं करूनही नेहमीच्या फीडवर 14 च्या वर करंट राहत असेल, तेव्हा लोडचं बघू. आधी जाळी आणि बीटर (आत माल फोडणारे हातोडे) बघा. बीटर झिजले किंवा जाळी तुंबली की माल आतच फिरत राहतो आणि करंट चढतो. ओलसर मिरची आली की तेच होतं. पॅनलवर एक अँपिअर मीटर लावा, त्याच्या काचेवर 13 ला लाल रेघ ओढा आणि फीड टाकणाऱ्या पोराला सांगा, काटा रेघेला लागला की हात आखडता घे. मे महिन्यात रेघ 12.5 ला. उत्पादन थोडं कमी होईल, पण सीझनच्या मध्यात चार दिवस चक्की बंद पडण्यापेक्षा ते बरं.

तरीही भागत नसेल तर 15 च्या आधी 12.5 एचपी, म्हणजे 9.3 किलोवॅट, विचारा. 15 एचपी म्हणजे 11 किलोवॅट आणि 160 ची फ्रेम (पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत 160 मिमी उंचीचा सांगाडा). तुमची 10 एचपी बहुधा 132 च्या फ्रेमची आहे. नव्या मोटरचा शाफ्ट 38 ऐवजी 42 मिमी, सेंटरची उंची 28 मिमी जास्त, पायाची भोकं वेगळी. म्हणजे पुली, फाउंडेशन, स्टार्टर, केबल सगळंच बदलणार, मंजूर भार पुरत नसेल तर तोही वाढवावा लागणार. आणि अर्ध्या लोडवर चालणाऱ्या मोठ्या मोटरचा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला कामाला येणारा वाटा) पडतो तो वेगळाच.

माझं मत विचाराल तर दोनदा रिवाइंड झालेली मोटर सोडा आणि 10 एचपीचीच नवी आयई3 (कार्यक्षमतेचा वर्ग, आयई2 च्या वरचा) घ्या. वाइंडर घाईत जुनी तार काढायला स्टेटर (मोटरचा न फिरणारा, तार भरलेला भाग) आगीत जाळतात, त्यात पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि मोटर रिकामी चालतानाही जास्त तापायला लागते. 7.5 किलोवॅट, 4 पोलला आयई2 ची कार्यक्षमता 88.7 टक्के आणि आयई3 ची 90.4. दिवसाला 8 तास, वर्षाला 300 दिवस पूर्ण लोड धरला तर फरक सुमारे 380 युनिटचा. त्यावर लगेच पैसे फिटणार नाहीत, पण आयई3 मुळात थंड चालते, आणि तुमचं दुखणं तेच आहे. नेमप्लेटवर आयएस 12615 (मोटरचं भारतीय मानक), आयपी 55 (धूळ-पाण्यापासून संरक्षण) आणि इन्सुलेशन क्लास एफ (उष्णता सोसायचा वर्ग, बी च्या वरचा) बघा. तापमानवाढ मात्र क्लास बी ची असलेली मागा. त्यात 25 अंशांचं राखीव अंतर मिळतं, नागपूरच्या मे साठी हेच कामाला येतं. स्वस्तातल्या बिनब्रँडच्या मोटरमध्ये तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची तार निघते, तिकडे जाऊ नका.

बसवताना पुली हातोड्याने ठोकू देऊ नका. तो मार सरळ बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो आणि मोटर पहिल्या महिन्यापासून गुरगुरायला लागते. शाफ्टच्या टोकाला आटे असलेलं भोक असतं ते त्यासाठीच, त्यात बोल्ट घालून पुली ओढून घ्यायची. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते दोरी ताणून बघा. पट्टे बदलताना सगळे एकदम बदला. ताण एवढाच ठेवा की दोन पुल्यांमध्ये मीटरभर अंतर असेल तर मध्यावर दाबल्यावर पट्टा साधारण 16 मिमी दबेल. सतारीसारखा ताणलेला पट्टा पुढचं बेअरिंग खातो. अर्थिंग दोन ठिकाणी, आणि केबल टर्मिनल बॉक्समध्ये शिरते तिथे ग्लँड (केबलभोवतीचं सील) घट्ट, नाहीतर तिखट आत जातं.

पावसाळ्यात चक्की बंद असेल तर पंधरवड्याने दहा मिनिटं रिकामी चालवा. बरेच दिवस पडून राहिली असेल तर सुरू करण्याआधी 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) बघा. 5 मेगाओमच्या खाली आलं तर सुकवून घ्या, तसंच स्टार्ट करू नका.

आता एवढं करा, नेमप्लेटचा आणि रिलेच्या चकतीचा फोटो टाका, आणि लोडवर असताना तिन्ही फेजचा करंट किती आला ते लिहा. मोटर बदलायची की नुसती चकती, ते त्यावरून सांगतो.