टक् टक् करणाऱ्या हार्ड डिस्कमधला डेटा परत मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की जूनच्या वादळात वीज दोन-तीनदा गेली-आली आणि तेव्हापासून डेस्कटॉपची १ टीबीची हार्ड डिस्क टक् टक् करते. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जच्या पडद्यावर, कधी दिसते, कधी नाही. आत बाबांच्या भजनांची रेकॉर्डिंग आणि चवथीचे फोटो आहेत, त्यांची दुसरी प्रत नाही. दुकानदार चेकडिस्क हा विंडोजमधला डिस्क तपासायचा प्रोग्राम चालवा म्हणतोय.

कृपा करून चालवू नका. मशीन बंद करा, डिस्क काढून बाजूला ठेवा, मग पुढचं वाचा.

मी फोंड्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. चेकडिस्क फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याचा, हिशेब जुळवते, आणि दुरुस्ती करताना त्याच आजारी डिस्कवर लिहिते. जे जुळत नाही ते तोडून टाकते. फाउंड.००० फोल्डरमधले बिननावाचे शेकडो तुकडे घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण आदल्या दिवशीपर्यंत त्यातल्या बऱ्याच फाइली नावानिशी शाबूत असतात.

आता आवाजाचं. डिस्क सुरू झाली की हेडला, म्हणजे चकतीवरचं वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाला, आधी चकतीवरच लिहिलेली स्वतःची माहिती वाचावी लागते. ती वाचता आली नाही की हेडची दांडी मागे जाऊन आपटते आणि पुन्हा प्रयत्न करते. तोच तो टक् टक्. बहुतेक वेळा हेड गेलेलं असतं, पण दरवेळी नाही. वीज कमी पडली तरी हाच आवाज येतो, म्हणून एकदाच, फक्त एकदाच, चांगल्या पॉवर सप्लायवर आणि दुसऱ्या साटा केबलवर (डिस्क मदरबोर्डला जोडणारी केबल) लावून बघा.

आमच्या हवेत आणखी एक गोष्ट होते. डिस्कखालचा हिरवा बोर्ड चांदणीच्या आकाराच्या खाचेच्या स्क्रूंनी बसवलेला असतो. तो उचलला की हेडकडे जाणारे छोटे चौकोनी टेकू, म्हणजे जोडणीचे धातूचे ठिपके, दिसतात. गोव्याच्या दमटपणात ते काळे पडतात. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका डिस्कचे टेकू अगदी काजळ लावल्यासारखे होते. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासले, कण झटकले, बोर्ड परत बसवला आणि टक् टक् थांबली. हात स्थिर असेल तरच हे करा. पण दुसऱ्या डिस्कचा बोर्ड आणून लावू नका, त्या-त्या डिस्कची खास मोजमापं बोर्डावरच्या चिपमध्ये असतात. वरचं झाकण तर कधीच उघडू नका. हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, धुळीचा एक कणही त्याला डोंगर आहे.

डिस्क नीट ओळखली गेली तर लगेच फाइली कॉपी करायला बसू नका, विंडोजने फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणा. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची प्रत तेवढ्याच किंवा मोठ्या नव्या डिस्कवर घ्या. तो आधी चांगला भाग उचलतो, अडणारा मागे ठेवतो, आणि मॅप फाइल (कुठवर झालं याची नोंद) दिली असेल तर वीज गेली तरी जिथे थांबला तिथून पुढे जातो. आमच्याकडे हे फार कामाचं. एका गावच्या नाटक मंडळाच्या जत्रेतल्या नाटकांची डिस्क मी अशीच चार दिवस चालवली. शेवटी एका प्रवेशात चित्र तुटतं, बाकी सगळं मिळालं. मंडळातले वयस्क काका माझ्या टेबलापाशी उभे राहून आपल्या गेलेल्या भावाचं पद ऐकत होते. प्रत झाली की जुनी डिस्क बाजूला ठेवायची, टेस्टडिस्क वगैरे फाइली परत मिळवायचे प्रोग्राम सगळे प्रतीवर. फोटोरेक हा तसलाच प्रोग्राम अगदी शेवटी, त्यात फाइलींची नावं जातात.

टक् टक् तशीच राहिली तर पुन्हा सुरू करू नका. निखळलेलं हेड चकती खरवडतं, आणि खरवडलेला भाग कोणतीही लॅब परत आणू शकत नाही. अशा डिस्क मी मुंबई-पुण्याच्या लॅबकडे पाठवतो. अँटीस्टॅटिक पिशवी, मग दोन बोटं जाड बबल रॅप. तपासणीचे पैसे वेगळे का, आणि डेटा नाही मिळाला तर किती द्यायचे, हे आधी लेखी विचारा. खर्च हजारांत जातो, पण बाबांच्या आवाजासाठी मी तो केला असता.

लेबलवरचा मॉडेल नंबर आणि केबल बदलल्यावर काय झालं ते इथे खाली लिहा, मी बघतो.