नुसती बसून असते म्हणालीस, त्यावर

प्रिय बाळा,

तुझी व्हॉइस नोट काल रात्री ऐकली, मग सकाळी चहा घेताना परत ऐकली. इंग्लंडला मानसिक आजारांच्या वॉर्डात नर्सिंगची प्लेसमेंट, म्हणजे शिकाऊ ड्युटी, सुरू होऊन तीन दिवस झाले आणि मी नुसती बसून असते मावशी, कोणी बीपी पण घ्यायला सांगत नाही, सगळ्यांच्या मध्येमध्ये येते असं वाटतं, हे सांगताना तुझा आवाज एकदम बारीक झाला होता. फोन करणार होते, पण फोनवर मी घाईघाईत होईल गं सगळं नीट म्हणून टाकते आणि त्याचा तुला काडीचा उपयोग होत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी एक गोष्ट, नाहीतर विसरीन. त्या नोटमध्ये तू एका पेशंटचं नाव घेतलंस आणि वॉर्डचं पण. मी माझ्याकडची नोट काढून टाकलीय, तू पण तुझ्याकडून सगळ्यांसाठी डिलीट कर. रागवत नाहीये बाळा. आपल्याकडे पेशंटला काय झालंय ते त्याला सोडून सगळ्यांना माहीत असतं, काकांना, आत्याला, शेजारच्या कॉटवाल्यांना. तिथे पेशंटने हो म्हटल्याशिवाय सहसा त्याच्या आईला पण तपशील सांगत नाहीत. मला सांगताना एक माणूस म्हण, एक बाई म्हण, मला पुरतं तेवढं.

आता बसण्याबद्दल. मी विश्रांतवाडीत वाढले, येरवड्याच्या मनोरुग्णालयाची भिंत रोज दिसायची, आणि याला येरवड्याला पाठवा हे वाक्य पुण्यात किती सहज तोंडात येतं ते तुला माहितीच आहे. त्यामुळे ट्रेनिंगमध्ये सायकियाट्रीची पोस्टिंग लागली (वेगळ्या हॉस्पिटलात) तेव्हा माझ्या आईने देवापुढे दिवा लावला होता. पहिल्याच दिवशी सिस्टरनी मला एका बाकाकडे बोट दाखवलं, त्या काकांशेजारी जाऊन बस म्हणाल्या, बाकी काही नाही. काका पन्नाशीचे असतील, कित्येक महिने कुणाशी बोललेले नव्हते. मी रोज विचारायचे, जेवलात का, झोप लागली का, घरून कोण आलं होतं का, आणि ते समोरच्या कडुलिंबाकडे बघत बसायचे. पाचसहा दिवसांत माझे प्रश्न संपले. मग विचारण्यासारखं काही उरलं नाही म्हणून मी पण त्या झाडाकडे बघत बसायला लागले. अकराव्या दिवशी मान न वळवता ते म्हणाले, "चपलेचा अंगठा तुटायला आलाय तुमच्या. जिन्यात पडाल." बघितलं तर खरंच एका दोऱ्यावर लटकत होता. मी इतके दिवस समजत होते की लक्ष मी ठेवतेय. संध्याकाळी चप्पल शिवून आणली, दुसऱ्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि मान हलवली. त्यानंतर ते माझ्याशी थोडं थोडं बोलायला लागले, आधी चपलेबद्दल, मग त्यांच्या दुकानाबद्दल, आणि एक दिवस त्या आवाजांबद्दल जे त्यांना रात्री दुकान जाळायला सांगायचे.

म्हणून तू नुसती बसून असते म्हणालीस ना, तेव्हा मला थोडा आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. तिथे स्टुडंटला सुपरन्युमररी म्हणतात, म्हणजे शिफ्टच्या माणसांच्या आकड्यात तू धरलेलीच नसतेस. तुझ्याशिवाय वॉर्ड चालला पाहिजे असा नियम आहे. नर्स म्हणून रजिस्ट्रेशनसाठी प्रॅक्टिसचे २३०० तास भरायचे असतात आणि त्यातले हे पहिले काही तास असे आहेत की तुझ्याकडे वेळ आहे आणि बाकी कुणाकडेच नाही. स्टाफ नर्सच्या हातात किल्ल्या, औषधांची ट्रॉली, वाजणारा फोन, दारावर आलेले डॉक्टर. मी सहा वर्षं लीड्सला काम केलं, वॉर्डातल्या माणसांशेजारी निवांत वीस मिनिटं बसायला मिळालं असे दिवस मी बोटांवर मोजीन.

कसं बसायचं ते सांगते. समोरासमोर खुर्ची ओढू नको, ते पोलीस चौकशीसारखं वाटतं, थोडं तिरकं बस, दोघांना टीव्ही किंवा खिडकी दिसेल असं. दार कुठे आहे ते बघून बस, तुला उठता आलं पाहिजे आणि त्याची वाट पण अडता कामा नये. मदतीला बोलवायचा अलार्म अंगावर आहे ना हे शिफ्ट सुरू होताच बघायचं, बॅगेत ठेवलेला अलार्म काही कामाचा नाही. मी इथे पाच मिनिटं बसले तर चालेल का, असं विचारायचं, आणि नको म्हणाला तर उठायचं, चेहरा पाडायचा नाही, जेवणानंतर परत येते म्हणायचं आणि जेवणानंतर खरंच जायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं गं. त्या माणसांना येते म्हणून न आलेल्या लोकांचा खूप अनुभव असतो. आपल्याकडच्या वॉर्डात कॅरम असतो तसे तिथे ऊनोचे पत्ते असतात, डॉमिनो असतात, हरत हरत खेळ, बोलणं आपोआप निघतं. बोली कळली नाही तर सॉरी, परत सांगता का म्हण, कळल्यासारखी मान डोलवू नकोस, मी पहिला महिनाभर डोलवत होते आणि एकदा एक माणूस मला त्याचा भाऊ गेल्याचं सांगत होता आणि मी हसून हो हो करत होते. अजून आठवलं की पोटात कसंतरी होतं.

आणि बसून कळतं तरी काय, तर हे बघ. तुझ्या वॉर्डात कुणीतरी क्लोझापीनवर, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या त्या औषधावर, असेलच. पुस्तकात तू वाचलं असशील की पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात, मग हळूहळू अंतर वाढवतात. ते सगळं सिस्टिममध्ये असतं, कुणीतरी बघतंच. पण त्याच औषधाने बद्धकोष्ठता होते आणि ती जिवावर बेतू शकते, आणि तीन दिवस पोट साफ झालं नाही हे माणूस राउंडमध्ये पाच जणांसमोर सांगत नाही, पत्ते पिसता पिसता सांगतो. तसंच सिगरेटचं. हॉस्पिटलात सिगरेट बंद असते, आणि सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर क्लोझापीन भराभर संपवत असतं, त्यामुळे धूर बंद झाला की तोच डोस रक्तात जास्त व्हायला लागतो. हा माणूस परवापेक्षा जास्त पेंगतोय, उशी लाळेने ओली आहे, हे कोण बघणार, जो शेजारी बसलाय तोच. बघितलंस की लगेच सुपरवायझरला जाऊन सांग, माझंच चुकत असेल म्हणून गिळू नकोस.

आता माझी एक चूक सांगते, कारण तू माझ्यासारखीच मायाळू आहेस आणि मला त्याचीच काळजी वाटते. लीड्सला नवीन असताना एक साठीच्या बाई कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडत होत्या. मी आपली गेले, एक शब्द न बोलता पाठीवरून हात फिरवला, आपण आजीच्या फिरवतो ना तसा. त्या किंचाळल्या, हातातला चहा माझ्या अंगावर उडाला, चार जण धावत आले आणि बाईंना दुपारभर कुणी जवळ नको होतं. संध्याकाळी मी त्यांचा केअर प्लॅन उघडला तर पहिल्याच पानावर लिहिलं होतं, मागून जवळ जाऊ नये, विचारल्याशिवाय स्पर्श करू नये, आणि का ते पण लिहिलं होतं. मी तो सकाळी वाचायला हवा होता. दुसऱ्या दिवशी समोरून जाऊन माफी मागितली, त्या म्हणाल्या इट्स ऑल राइट लव्ह, पण त्या आठवड्यात मी खोलीत आले की त्या खुर्ची वळवून बसायच्या. तेव्हा बसायच्या आधी वाच. आणि मावशी, काका, अंकल असं काही म्हणू नकोस, तुम्हाला काय म्हणून हाक मारू हे विचार, तिथे ऐंशी वर्षांचे आजोबा पण पहिल्या नावाने बोलवा म्हणतात आणि आपली जीभ अडते, सवय होते.

कुणी म्हणालं की एक सांगतो पण कुणाला सांगू नकोस, तर तिथेच थांबव. ऐकायचंय मला, पण तुम्हाला किंवा कुणाला धोका असेल तर मला टीमला सांगावं लागेल, असं आधी म्हणायचं. बरेच जण तरीही सांगतात, बहुतेकदा त्यांना कुणालातरी कळायलाच हवं असतं.

कायद्याचं फार टेन्शन घेऊ नको. १९८३ चा मेंटल हेल्थ ॲक्ट, त्यातलं सेक्शन टू म्हणजे तपासणीसाठी २८ दिवसांपर्यंत सक्तीने ठेवणं, सेक्शन थ्री म्हणजे उपचारासाठी सुरुवातीला सहा महिन्यांपर्यंत, आणि काही जण इन्फॉर्मल, म्हणजे स्वतःहून आलेले. हॅंडओव्हरला, म्हणजे शिफ्ट बदलताना, कोण कुठल्या सेक्शनवर आहे ते लिहून घे, कागद वॉर्डाबाहेर नेऊ नकोस. कुणी मला बाहेर जायचंय दार उघड म्हणाला तर तू हो पण म्हणायचं नाही आणि नाही पण म्हणायचं नाही, मी स्टुडंट आहे, नर्सला बोलावते म्हणायचं आणि खरंच बोलवायचं. इन्फॉर्मल माणसाला रोखायचा जो सहा तासांचा अधिकार आहे तो रजिस्टर्ड नर्सचा, तुझा नाही.

नोट्स लिहायला दिल्या की जे दिसलं ते लिही. आक्रमक वाटला असं लिहिलंस तर पुढची शिफ्ट त्याच्याकडे त्याच नजरेने बघते. ऑफिसच्या दारावर तीनदा हात आपटला, फोन कधी मिळणार असं विचारत होता, फोन दिल्यावर बसून जेवला, असं लिही. वाचणाऱ्याला त्याचं खरं काय ते कळू दे.

आणि कुणी तुझ्या रंगावरून बोललं, परत जा तुझ्या देशात म्हणालं, तर आजारी आहे बिचारा म्हणून एकटीने गिळायचं नाही. मला म्हणाले होते, मी गिळलं, रात्री खोलीवर वरणभात समोर घेऊन बसून राहिले, घास उतरेना. आजारी माणूस आजारी आहे हे खरं, आणि तुला लागलं हे पण खरं. त्याच दिवशी सुपरवायझरला सांग आणि नोंद करायला लाव. रात्री फारच जड झालं आणि आमच्याशी बोलावंसं वाटलं नाही तर तिथे समॅरिटन्स या मन मोकळं करायच्या हेल्पलाइनचा ११६ १२३ नंबर आहे, चोवीस तास, फुकट, नर्सेस पण करतात फोन.

उद्या गेलीस की त्या खिडकीजवळच्या माणसाचा केअर प्लॅन आधी वाच, तोच ज्याच्याबद्दल तू म्हणालीस की तो माझ्याकडे बघत पण नाही. मग विचारून बस.

तुझी आई चिवडा आणि मेतकूट पाठवतेय, मी त्यात गोडा मसाला घातलाय. रविवारी फोन कर, तुझ्या दुपारी दोनला, इथे साडेसहा झालेले असतात, माझा दिवा लावून होतो तोवर.

तुझी मावशी