मीनाच्या तीन प्रती

प्रश्न : फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचा १९९२ सालचा ‘ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला’ हा चित्रपट आम्ही नुकताच घरी पाहिला. त्यात ड्रॅक्युला लंडनमध्ये भर दिवसा हिंडतो. उन्हात तो भस्म होतो असे तर आम्ही आजवर ऐकत आलो आहोत. शिवाय मीना ही त्याच्या मृत पत्नीचा पुनर्जन्म असल्याचे दाखवले आहे. चित्रपटाच्या नावातच लेखकाचे नाव आहे, तेव्हा हे सारे मूळ कादंबरीत आहे काय? माझ्या अकरावीतल्या मुलीला ती वाचायची आहे, द्यावी का?
— एक वाचिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ड्रॅक्युलाचे दिवसा हिंडणे मूळचे आहे, आणि पुनर्जन्माची प्रेमकथा चित्रपटाने घातलेली आहे. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत मीनाचा नवरा जोनाथन हार्कर याला लंडनच्या पिकॅडिलीत दिवसाउजेडी ड्रॅक्युला दिसतो, तोही पूर्वीपेक्षा तरुण झालेला. दिवसा त्याच्या शक्तीला मर्यादा पडतात, एवढेच. उन्हाने रक्तपिपासू नाहीसा होतो ही समजूत रुजली ती दिग्दर्शक मुर्नाऊ यांच्या १९२२ सालच्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटापासून. तो परवानगीवाचून काढलेला असल्याने स्टोकर यांच्या विधवा पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. तरी काही प्रती वाचल्या, आणि त्यांच्याबरोबर ती समजूतही वाचली.

पुनर्जन्म मात्र कादंबरीत कुठेही नाही. आपणही प्रेम करू शकतो, असे ड्रॅक्युला किल्ल्यातल्या तीन स्त्रियांना एकदा सांगतो; त्यापलीकडे त्याच्या मनाचा थांग लागत नाही. एइको इशिओका यांची ऑस्कर मिळवणारी वेशभूषा, विशेषतः म्हाताऱ्या ड्रॅक्युलामागे जमिनीवरून सरपटत जाणारा तो लाल झगा, मी कितीही वेळा पाहू शकेन. परंतु या प्रेमकथेसाठी जी किंमत मोजली गेली आहे, ती मला फार मोठी वाटते.

ही कादंबरी मी प्रथम वाचली ती मे महिन्यात, नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयातून आणून. कूलरच्या वाऱ्याने पाने उलटत, आणि पुन्हा जागा सापडण्यासाठी मथळ्यावरचे नाव आणि तारीख शोधावी लागे, कारण सगळी कादंबरी रोजनिशा, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे यांचीच बनलेली आहे. त्यांत ड्रॅक्युलाच्या रोजनिशीचे एकही पान नाही. किल्ल्यातली पहिली चार प्रकरणे संपली की तो क्वचितच समोर येतो, आणि भीती वाढते ती त्यामुळेच. हे विखुरलेले कागद एकत्र आणते ती मीना. ती लघुलेखन जाणते, वेड्यांच्या इस्पितळाचे डॉ. सेवर्ड यांनी फोनोग्राफवर, म्हणजे आवाज नळकांड्यांवर टिपून ठेवणाऱ्या यंत्रावर, बोलून ठेवलेली रोजनिशी ऐकून टंकलिखित करते, तिच्या तीन प्रती काढते आणि सर्व मजकूर तारीखवार लावते. पुढे ड्रॅक्युला येऊन ते हस्तलिखित आणि फोनोग्राफच्या नळकांड्या आगीत टाकतो, तेव्हा तिजोरीत ठेवलेली दुसरी प्रत शिल्लक असते म्हणूनच सगळ्यांना त्याचा पाठलाग चालू ठेवता येतो. आगगाड्यांची वेळापत्रके तिला पाठ असतात, आणि ड्रॅक्युला कोणत्या नदीने परतत असेल हे नकाशे पाहून तीच ताडते. रेल्वेवर वाढलेल्या आपल्या नागपूरच्या वाचकाला तरी अशी नायिका जवळची वाटावी! ड्रॅक्युलाच्या मागावर असलेली पुरुषमंडळी तिच्या काळजीपोटी तिला मसलतीतून वगळतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत ड्रॅक्युला तिच्यापर्यंत पोहोचतो. स्टोकर यांनी ही चूक त्यांच्या पदरात स्पष्टपणे घातली आहे.

चित्रपटातही मीना टंकलेखन करताना दिसते, शेवटी ड्रॅक्युलाला मुक्ती देणारा घावही तिच्याच हातचा आहे. पण ती त्याच्या दुःखाची सोबतीण झाल्यामुळे, त्याचा माग काढणारी बुद्धी म्हणून तिला फारसे काम उरत नाही. कादंबरीच्या शेवटी त्याच्यावर चालतात ते दोन सुरे, जोनाथनची कुकरी आणि त्यांचा अमेरिकन साथी क्विन्सी मॉरिस याचा बोवी सुरा. तिथवर सर्वांना नेऊन पोहोचवलेले असते मीनाच्या टिपणांनी.

मुलीला कादंबरी अवश्य द्यावी. मधल्या भागात ड्रॅक्युलाविरुद्ध सर्वांना मार्ग दाखवणाऱ्या प्राध्यापक व्हॅन हेल्सिंगची भाषणे लांबतात, ती तिने भरभर वाचली तरी चालेल. सतरावे प्रकरण मात्र, जिथे मीना ती नळकांडी ऐकायला बसते, सावकाश वाचावे. चित्रपटातली शृंगाराची आणि रक्तपाताची दृश्ये फार उघड आहेत, म्हणून तो तिने आणखी दोन वर्षांनी पाहावा असे मला वाटते.