घरातील दोन जुन्या संगणकांचा मिळून एक सामायिक संगणक करता येईल का?

आपल्या घरी दोन जुने डेस्कटॉप आहेत, जागा अपुरी पडते, आणि दोहोंचा मिळून सर्वांना वापरता येईल असा एकच संगणक करावा, असा आपला विचार आहे. तो व्यवहार्य आहे. मी फोंड्याला राहतो आणि गेल्या पावसाळ्याच्या आधी वडिलांचा व माझा संगणक असाच एकत्र केला.

मात्र दोन प्रोसेसरांची शक्ती एकत्र होत नाही. ज्याचा मदरबोर्ड नवा, तो संगणक ठेवायचा आणि दुसऱ्यातले उपयोगी भाग त्यात घालायचे, एवढाच याचा अर्थ. रॅमच्या बाबतीत हमखास निराशा होते, कारण डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या जुन्या व नव्या पिढीच्या पट्ट्यांवरील खाच निरनिराळ्या जागी असल्याने एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही, आणि जोर केल्यास स्लॉटच मोडतो. आमच्या दोन पट्ट्या अजून खणात पडून आहेत. साटा जोडणीची हार्ड डिस्क मात्र सहज हलवता येते. आपल्याकडच्या दमट हवेत स्क्रू गंजून घट्ट बसतात, तेवढी तयारी ठेवावी. वडिलांच्या कॅबिनेटमध्ये तर पालीची दोन अंडी निघाली.

खरी काळजी घ्यायची ती डिस्कवरील माहितीची. जुन्या डिस्कवर बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल तर ती जुन्याच संगणकात असताना तो बंद करावा, अन्यथा नव्या जागी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती ऐनवेळी कोणालाच सापडत नाही. डिस्क जोडल्यावर दुसऱ्याचे फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचा संदेश येतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून पुढे गेल्यास बहुधा ते उघडते. शिवाय बायोसमध्ये (संगणक चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) कोणत्या डिस्कवरून विंडोज सुरू व्हायचे ते नक्की करावे.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (मदरबोर्डवरील किंवा प्रोसेसरमधील सुरक्षेची सोय) लागते, ते नसल्यास मी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली सुचवेन.

प्रत्येकाचे खाते वेगळे असावे, त्यातले एकच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, बाकीची साधी. घरात पासवर्ड कशाला, असे वडिलांचे म्हणणे होते. पण देवस्थानचा हिशेब ते ज्या एक्सेल फाइलमध्ये ठेवतात, तीच मुलीने एकदा चुकून प्रोजेक्टसाठी उघडून तिच्यावर लिहिले, तेव्हा त्यांनीच पासवर्ड मागून घेतला. सर्वांचे फोटो सामायिक 'पब्लिक' फोल्डरमध्ये ठेवावेत.

जुनी डिस्क निदान काही महिने फॉरमॅट करू नये. मी फक्त डॉक्युमेंट्स फोल्डरची प्रत घेतली होती, आणि चवथीच्या तोंडावर वडिलांना माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीच्या) सामानाची यादी आठवली. ती होती डेस्कटॉपवर. डिस्क तशीच ठेवलेली होती, म्हणून ती मिळाली.