दंडातल्या इम्प्लांटमुळे पित्ताशयात खडे होतात का?

तुम्ही लिहिलंय, दिवस राहू नयेत म्हणून दंडात कातडीखाली बसवतात ती कांडी, म्हणजे इम्प्लांट, बसवून वर्ष होत आलं, जेवल्यावर उजव्या बरगडीखाली दुखतं आणि घरचे म्हणतात कांडी काढून टाक. एवढ्यावर काढू नका. आधी सोनोग्राफी करा.

आम्ही सोलापूरचे, साखर पेठेत एकत्र कुटुंब. दुसऱ्या मुलीनंतर मी इम्प्लांट बसवलं. नवऱ्याला माहीत होतं, सासूबाईंना मागाहून कळलं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत घरी पाहुणे होते. रात्री भजी, तेलात कालवलेली शेंगा चटणी, भाकरी असं जेवण झालं आणि मध्यरात्री पोटात जी कळ उठली ती थेट उजव्या खांद्यामागे गेली. कूस बदलून बघितली, उठून बसले, चालले, कशानंच कमी होईना. सगळे म्हणाले पित्त झालंय. आमसुलाचं पाणी झालं, सोडा झाला. पहाटे थांबलं, पण तेलकट खाल्लं की परत तेच. डॉक्टरांनी तर पोटाला हातही न लावता ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या. शेवटी आईनं सोनोग्राफीला नेलं, तेव्हा खडे दिसले.

त्याच संध्याकाळी सासूबाईंचा निकाल लागला: "त्या काडीनंच केलंय. उद्या काढून ये." मोठ्या जाऊबाई तर आल्यागेल्याला माझा दंड चाचपून दाखवायच्या, "ही बघा, हाताला लागते." माझ्या आईचंही पित्ताशय खड्यांमुळेच काढलेलं आहे, तिच्या दंडात कधी काही नव्हतं. माझी दोन बाळंतपणं लागोपाठची, आणि दुसऱ्यानंतर वजन झपाट्यानं उतरलेलं. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढून पित्तरसात कोलेस्टेरॉल जास्त येतं, प्रोजेस्टेरॉननं पित्ताशय सुस्त होतं, रस साचतो आणि खडे धरतात. वजन भराभर उतरलं तरी धरतात. हे कुणाला ऐकायचंच नव्हतं, कारण भांडण खड्यांचं नव्हतं. मी दोन मुलींवर थांबले, याचं होतं.

इम्प्लांटमध्ये इस्ट्रोजेन नसतं. 68 मिलिग्रॅम एटोनोजेस्ट्रेल असतं, म्हणजे नुसतं प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं बनवलेलं हार्मोन), तेही थोडंथोडं सुटणारं. त्याच्या माहितीपत्रकात म्हटलंय की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन्ही हार्मोन असलेल्या साधनांनी पित्ताशयाच्या आजाराचा धोका थोडा वाढलेला दिसतो, नुसत्या प्रोजेस्टिननं वाढतो का हे ठरलेलं नाही. त्यामुळे "अजिबात संबंध नाही" असं छातीठोक सांगणारे डॉक्टरही मला पटत नाहीत. पण जागतिक आरोग्य संघटना पित्ताशयाचा आजार असतानाही इम्प्लांट चालतं म्हणते, उलट त्रास चालू असताना माला-एनसारख्या दोन्ही हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या शक्यतो टाळा म्हणते. कांडी काढून त्या गोळ्या सुरू करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि झालेले खडे कांडी काढल्यानं सहसा जात नाहीत.

माझं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, इम्प्लांट जागेवरच ठेवलं. दुखणं गेलं ते गेलंच.

आता हेही सांगते. खडे दिसले पण ते दुखत नसतील तर बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही. दुखण्यासोबत थंडीताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अवेळी रक्तस्राव होऊन जीव मेटाकुटीला येत असेल तर इम्प्लांट जरूर काढा, तो त्याचा खरा आणि नेहमीचा त्रास आहे. मूल हवं असेल तरी काढा, दिवस लवकर राहू शकतात. पण ते तुम्हाला हवं असेल तर. पित्ताशयाचं नाव पुढे करून कुणी काढायला लावत असेल तर तोंडावर नाही म्हणा.

सोनोग्राफीला उपाशीपोटी जायचं असतं, सकाळची वेळ घ्या. आणि सासूबाई सोबत येते म्हणाल्या तरी माहेरचं कुणीतरी न्या.