आईबाबांना मेलबर्न गाडीशिवाय बघता येईल का? येईल, मी बघितलंय

तुम्ही लिहिलंय आईबाबा तीन महिने येतायत, आम्ही दोघं नोकरीवर, त्यांना एकटं शहर बघता येईल का. मी त्या आईच्या जागी होते म्हणून लिहितेय.

मुलगा मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात राहतो. पहिले पाच आठवडे मी नुसती शनिवारची वाट बघत घरात बसून, कारण काय तर "आई, इथे गाडीशिवाय काही होत नाही, तू हरवशील." शेवटी एका मंगळवारी दोघं कामावर गेल्यावर सुनेचं जास्तीचं मायकी कार्ड (बस, ट्रेन, ट्रामला चालणारं) घेतलं, बसने विल्यम्स लँडिंग गाठलं आणि वेरिबी लाइनच्या ट्रेनने फ्लिंडर्स स्ट्रीटला उतरले.

हरवायचं कसं तेच कळेना. मधलं शहर हॉडल नावाच्या माणसाने १८३७ ला आखलंय, सगळे रस्ते सरळ, काटकोनात. स्वॉन्स्टन स्ट्रीट धरून नाकासमोर चालत गेलं की स्टेट लायब्ररी. तिथे १९१३ चा घुमट आहे, खाली आठ कोनी वाचनाची खोली, मधोमध चौथरा आणि त्याच्यापासून चाकाच्या आऱ्यांसारखी निघालेली टेबलं, हिरव्या दिव्यांची. तासभर बसले, कोणी हटकलं नाही, एक पैसा लागला नाही.

बाहेर ला ट्रोब स्ट्रीटला ३५ नंबरची सिटी सर्कल आली, जुनी लाकडी ट्राम. मुंबईची ट्राम १९६४ ला बंद झाली तेव्हा मी सहा वर्षांची होते, दादरहून बाबांच्या मांडीवर बसून जायचे. इथे ती घंटा ऐकली आणि डोळे भरून आले. गाडीत पट्टा लावून मागच्या सीटवर बसल्यावर हे मिळत नाही हो.

मग बर्क स्ट्रीटवरून ९६ नंबरची ट्राम पकडून सेंट किल्डाचा समुद्र. मधल्या भागात ट्राम फुकट आहे, तिथल्या तिथे फिरायचं तर कार्ड टेकवूच नका, पण ९६ ने बाहेर जायचं असेल तर चढतानाच टेकवायचं, उतरताना नाही. संध्याकाळी मुलगा चिडला. न सांगता गेले ही माझी चूक, ते मी तेव्हाच मान्य केलं. पण काळजी वाटते म्हणून माणसाला पाच आठवडे कोंडून ठेवायचं नसतं, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते. आईवडलांना पहिल्याच दिवशी कार्ड द्या, एकदा सोबत स्टेशनपर्यंत चाला, नंतर सोडा त्यांना.

हां, शहराबाहेर ग्रेट ओशन रोड आणि फिलिप आयलंडला गाडी किंवा टूरच सोयीची. पफिंग बिलीला, म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या जुन्या आगगाडीला, मात्र बेलग्रेव्ह लाइनने आरामात जाता येतं. क्वीन व्हिक्टोरिया मार्केट सोमवारी-बुधवारी बंद. आणि घर स्टेशनपासून लांब असेल तर बसचं टाइमटेबल कागदावर लिहून द्या, उपनगरात एक बस चुकली की पुढचीसाठी बराच वेळ उभं राहावं लागतं आणि तिथला वारा फार बोचतो.