पाण्याआधी अ‍ॅसेटिक आम्ल

काल महापेच्या ऑफिसात तू रेणूंच्या आपसातल्या बंधांचं गणित शिकायला थेट पाण्याचं मॉडेल उघडलंस, म्हणून लिहितोय. पाणी सध्या बाजूला ठेव. त्याच्या रेणूला बंधाच्या, म्हणजे दुसरा रेणू हायड्रोजन बंधानं चिकटण्याच्या, चार जागा. चूक कुठे झाली तेच कळणार नाही.

अ‍ॅसेटिक आम्ल घे. ते जोड्या करतं, म्हणून एकच जागा धरून चालतं. रेणू एकमेकांना किती चिकटतात हे सांगणाऱ्या वर्थाइमच्या १९८४ च्या सिद्धांताचा गाभा इथे एका ओळीत मावतो: क्ष = १ ÷ (१ + क × क्ष). क्ष म्हणजे मोकळ्या रेणूंचा हिस्सा, क म्हणजे घनता गुणिले बंधाची ताकद. क = २ घे, उत्तर बरोबर ०.५. ऐरोलीहून ठाणं येईपर्यंत कागदावर सुटतं, आणि ते हातानंच सोडव.

मग क = १०० कर. क्ष = १ पासून सुरू केलंस आणि आलेलं उत्तर दर फेरीला परत त्याच ओळीत घातलंस तर आकडे ०.०१, ०.५०, ०.०२ असे उड्या मारतील. घाबरू नकोस, कोड बरोबरच आहे. दर फेरीला जुन्या-नव्याची सरासरी घे. पाचव्या फेरीत ०.०९६ येतं, खरं उत्तर ०.०९५.

आणि एक. वर्थाइमच्या सिद्धांताच्या या पहिल्या, सगळ्यात साध्या पायरीला रेणूंची बंद वर्तुळं दिसत नाहीत, आणि हायड्रोजन फ्लोराइडचे रेणू तशी वर्तुळं करतात. त्याला हात लावशील तेव्हा आधी मला विचार.